पदक आमच्या घरी न राहण्याबाबत

प्रति,
मे. मामलेदारसाहेब,
तालुका कचेरी, मालवण, जिल्हा रत्नागिरी

अर्जदार : चंद्रावती परशुराम खोबरेकर, राहणार आचरे

विषय : मुलगा कॅप्टन भालचंद्र हा सरकारी शौर्यपदक दुसऱ्याच्या घरी ठेवून येतो, त्यास समज देणेबाबत.

संदर्भ : २६ जानेवारीच्या सत्काराची आपली चिठ्ठी.

महोदय,

वरील मुलगा सध्या रजेवर घरी असून त्याचे वागणे बरे नाही. १९६५च्या लढाईत त्याने शत्रूचे तीन रणगाडे फोडले म्हणून सरकारने त्यास पदक दिले. ते घरी आणले आणि दुसऱ्याच दिवशी तोंडवलीस पार्वती जुवाटकर हिच्याकडे नेऊन दिले. पदक छातीवर लावून यावे, असे आपण लिहिता. छाती घरात आहे, पदक नाही.

१) पार्वती मासळी विकते. तिचा मुलगा सहदेव हा भालचंद्राचा रणगाडा हाकत होता. भालचंद्राने वरच्या साहेबांकडून त्यास मुद्दाम मागून घेतले होते, कारण परमुलखात मालवणी बोलायला कोणीतरी हवे. सहदेव त्याच गाडीत जळून वारला.

२) सरकारी कागदात आहे की, पेटलेल्या रणगाड्यातून उतरून भालचंद्र दुसऱ्यावर चढला व लढत राहिला. ते खरे आहे. कागदात नाही ते असे. हाकणाऱ्याचे झाकण पुढे असते. तोफेची नळी त्यावर आली तर ते उघडत नाही. शत्रू त्या अंगास होता म्हणून नळी तिकडे फिरवण्याचा हुकूम भालचंद्राने दिला. तेवढ्यात गोळा लागला व फिरवायचे यंत्रच बंद पडले. सहदेव आतून त्यास घरच्या नावाने ओरडत होता, "बाबू, नळी बाजूक कर रे!" आमचा मुलगा हे जेवताना सांगतो, पोस्टमनला अडवून सांगतो. कोणी "तुझा दोष नाही" म्हटले की ताटावरून उठतो.

३) आमच्या होडीची रीत अशी की, माणूस समुद्रात गेला तर होडी चालते तोवर त्याचा वाटा त्याच्या घरी पोचतो. पार्वतीचा घरवाला आमच्याच होडीवरून गेला. त्याचा वाटा मी आजवर चुकवलेला नाही. मुलगा म्हणतो, पदक हा सहदेवाचा वाटा. साहेब, वाटा बांगडे-मासळीचा घालतात. सरकारी पदकाचा कसा घालावा हे कचेरीने कळवावे.

४) पार्वतीही ते ठेवून घेत नाही. बाजारास येताना टोपलीत मासळीखाली केळीच्या पानात बांधून आणते व म्हणते, "वयनी, ह्या तुमचा तुमी ठेवा. लोक ह्याच बघूक येतत, मासळी कोण घेणा नाय." संध्याकाळी हा पुन्हा नेऊन देतो. फितीस वास लागला म्हणून मी ती धुतली. रंग गेला. सरकारने रागावू नये.

५) शेवटी पदक मागून आणावे म्हणून मी स्वतः तोंडवलीस गेले. पार्वतीने पाट दिला आणि विचारले, "बाबू जेवता मां नीट?" जिचा मुलगा गेला ती माझ्या मुलाच्या जेवणाची चौकशी करते, आणि मी तिच्या दारात पदकासाठी बसलेली. पदक न मागताच परत आले.

तरी विनंती की, सत्कारास पार्वतीस पहिल्या रांगेत खुर्ची द्यावी, सहदेवाचे नाव आधी पुकारावे व कलम २ भाषणात वाचावे. जमत नसेल तर सत्कार करू नये. शाल-नारळ आमच्या घरी आहेत. वरचा विषय खोडलेला नाही, कारण कागद एकच होता.

आपली नम्र, पण उत्तर घेतल्याशिवाय न राहणारी,
चंद्रावती परशुराम खोबरेकर
आचरे, ता. ९ जानेवारी १९६७

सोबत : आपली चिठ्ठी. पदक जोडलेले नाही.

ता. क. : अर्ज मुलाने वाचला. "आये, फाड तो," म्हणाला. त्यास ओसरीवर सर्वांदेखत सांगितले ते आपल्या माहितीस लिहिते :

"बाबू, सगळो गाव म्हणता तुझो दोष नाय. मी तुझी आवस. मी म्हणतंय, दोष आसा. हुकूम तुझो होतो. आता उठ, चार घास खा, आणि सत्काराक तां पदक छातयेर लावन पार्वतीच्या बाजूक बस. जड लागतला. लागांदे."