कांडीवालीची चार मिनिटं

बाई,

लिहायचं लिहायचं म्हणत अकरा वर्षं ढकलली. एकदा बसलेही होते, हंपीला, एका लग्नाचं शूटिंग उरकल्यावर. पण तिथं एका माकडानं माझी पिशवी पळवली आणि त्याच्यामागं अख्खा दिवस गेला. तुम्ही म्हणायचात, हिला सरळ रस्त्यानं कुठं जाताच येत नाही, वाटेत कुत्रं दिसलं तरी त्याच्यामागं जाईल. आज मात्र बसलेय. संध्याकाळी पाचला तुमची शेवटची फिल्म दाखवायचीय, आणि त्यात मी एक गोष्ट केलीय जी तुम्ही करू दिली नसती. एका शाळेच्या हॉलमागं खोली आहे, मोडके बाक आणि गॅदरिंगचे मुकुट ठेवलेत तिथं. लॅपटॉप समोर उघडा आहे. अडीच वाजलेत.

तुम्ही गेलात तेव्हा मी गोव्यात होते. फोन आला, मी "बरं" म्हटलं आणि राहिलेलं शूटिंग पुरं केलं. नवरीची आई म्हणाली, अगं तू जेवली नाहीस, तर जेवलेही. रडू येईल म्हणून थोडे दिवस वाट बघितली. मग ते वाट बघायचंही राहून गेलं. आजसुद्धा सकाळपासून तुमचे फोटो भिंतीला चिकटवतेय आणि डोक्यात चाललंय की ही चिकटपट्टी नीट बसत नाही.

हा कार्यक्रम फिल्म क्लबच्या काकांनी ठरवलाय. बँकेतून रिटायर झालेत, सिनेमाचं लई वेड. त्यांनी तुमची माहिती लिहून आणलीय: करमाळ्याच्या मास्तरांची मुलगी, पुण्यात सिनेमा शिकली, मुंबईत दोन चित्रपट केले, पहिल्याला बक्षीस, मग माहितीपट. सगळं खरं आहे आणि त्यात तुम्ही कुठंच नाही. तुमचा पहिला चित्रपट सोलापुरात आठवडाभर चालला तेव्हा तुम्ही रोज शेवटच्या रांगेत बसून माणसं कुठल्या सीनला लघवीला उठतात ते टिपून ठेवलं, ते त्यात नाही. दुसऱ्याच्या शेवटी निर्मात्याला गाणं हवं होतं. तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात, सोलापूरची एसटी धरलीत आणि परत गेलाच नाहीत, तेही नाही. त्यानंतर तुम्ही फक्त खरी माणसं घेतलीत. स्टँडवर गाड्या पुकारणारा. सुईणी. विहिरी खणणारे. एडिटिंगचा कॉम्प्युटर स्वयंपाकघरात होता, कारण घरात तेवढ्याच खोलीत रस्त्याचा आवाज यायचा नाही. गॅसवर आमटी, शेजारी पडद्यावर सुईणीचे हात, आणि तुम्ही कडक भाकरी मोडत म्हणताय, "इथं थांब. माणूस बोलून झाल्यावर काय करतो ते बघ."

मी तुमच्याकडं आले ती अशीच भरकटत. अकलूजहून बीए दुसऱ्या वर्षाला सोडून मोबाइल रिपेअरिंग शिकायला सोलापूरला आले, ते चार दिवसांत सोडलं. तुम्हाला माइकची काठी धरायला कुणीतरी हवं होतं. "काठी धरता येते का?" येते म्हटलं. "आणि गप्प बसता येतं का?" त्यावर मी इतकं बोलले की तुम्ही हात वर केलात. तिसऱ्या दिवशी हेडफोन काढून म्हणालात, "तुझ्या चपला माझ्या फिल्ममध्ये बोलतायत." दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी कापडी बूट आणलेत. एक नंबर मोठे. मी पुढं कागद कोंबून दोन वर्षं वापरले.

आता मुद्द्यावर येते, त्या शेवटच्या फिल्मवर. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात ती बाई कांड्या भरायची. मागाच्या धोट्यात बसते ती सुताची कांडी. तेलुगू घरातली, तुम्हाला अक्का म्हणायची. पंधरा दिवस तुम्ही तिच्याकडं नुसत्या जाऊन बसलात, कॅमेरा पिशवीत. सोळाव्या दिवशी कॅमेरा काढलात, तेव्हा माग बंद होते, वीज गेलेली, आणि तिनं आपणहून सांगितलं. तिसरी मुलगी नऊ दिवसांची असताना तिनं बहिणीला दिली, बहिणीला मूल नव्हतं म्हणून. मुलगी तेलंगणात वाढतेय, बहिणीला आई म्हणते आणि हिला मावशी. "हातात कांडी असली की काय वाटत न्हाय, अक्का. हात रिकामं झालं की तिचं वजन लागतंय." मग तिनंच तुम्हाला विचारलं, "तुमाला हाय का पोरबाळ?"

तुम्ही कॅमेऱ्यामागून कधीच बोलायचा नाहीत. आम्हालाही खोकू द्यायचा नाहीत. त्या दिवशी बोललात. "नाही," म्हणालात. "मला वाटलं होतं, सवड मिळेल."

चार मिनिटं आहे ते सगळं.

तुमची पद्धत होती की ज्याची गोष्ट त्यानं आधी बघायची. कुठल्याही महोत्सवाच्या आधी, निर्मात्याच्याही आधी. ती स्वयंपाकघरात आली, स्टुलावर पाय वर घेऊन बसली आणि सबंध फिल्म बघितली. स्वतःला बघून पदर तोंडाला लावून हसलीसुद्धा. संपल्यावर म्हणाली, "अक्का, ते पोरीचं काढा."

तुम्ही का म्हणून विचारलं नाही. तीच बोलत राहिली. "शाळेत पयली येती ती. उद्या कुनीतरी दाखवलं तर माझ्या बहिनीनं काय करायचं? मी त्या दिवशी कसं बोलून बसले, मलाच कळंना."

"काढते," म्हणालात. आणि तिला भाकरी वाढलीत.

ती गेल्यावर मी तुमच्याशी भांडले. म्हटलं, बाई, त्याच्यावर तर अख्खी फिल्म उभी आहे. तुम्ही ताट घासत होतात. "मग पडू दे," म्हणालात, मागं न बघता. मी आणखी काहीतरी कलाबिलाबद्दल बोलले, एकोणीस वर्षांची होते. तेव्हा तुम्ही वळलात. "तुला ऐकू येतं, पण तू ऐकत नाहीस. आपली बोलायची पाळी कधी येते याची वाट बघत असतेस." मग म्हणालात, दोन्ही डिस्कवरून उडव. मी उडवलं आणि तसं सांगितलं. मी घेतलेला प्रत्येक आवाज तुम्ही तीनतीनदा तपासायचात. हे तपासलं नाहीत. उडवण्याआधी मी ते पेन ड्राइव्हवर घेतलं होतं.

फिल्म पडली. कुठं लागली नाही. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात.

गेल्या महिन्यात काकांचा फोन. "काय गं, बाईंचा आवाज कुठं हाय का? मुलाखत, भाषण, कायतरी? लोक विचारतात की, कशा बोलायच्या." नाही म्हणणार होते. तुम्ही मुलाखत दिलीच नाही कुणाला. पण तोंडातून निघालं, आहे. मग मी ती चार मिनिटं परत जोडली. जोडण्याआधी अक्कलकोट रोडला जाऊन आले, हे तेवढं लिहून ठेवते. गल्ली तीच. तिच्या घरात दुसरे लोक. दारात एक म्हातारी शिलाई मशीनवर टॉवेलच्या कडा मारत होती, ती म्हणाली, "ती व्हय? नवरा गेला तिचा. तेलंगणात गेली, बहिनीकडं. फोनबिन कुनाकडं न्हाय." मग कोपऱ्यावर उसाचा रस प्यायला गेले. बर्फ फार होता. परत येताना मनाशी म्हटलं की आपण विचारायला गेलो होतो, ती भेटली नाही. ती न भेटणं मी परवानगीसारखं धरलं.

काकांनी ते बघितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "हेच की," म्हणाले, "हेच तर पाहिजे होतं." मी चिकटपट्टी शोधत होते.

हे पत्र पाठवायचं कुठं? निदान खरं तरी लिहावं. कलेसाठी मी ते ठेवलं नव्हतं, आवाज जपायला पण नाही, तेव्हा तर तुम्ही जिवंत होतात, दिवसभर माझ्यावर ओरडत होतात. त्या दिवशी तिनं विचारलं, तुम्हाला पोरबाळ आहे का, आणि तुम्ही नाही म्हणालात. मी काठी धरून तुमच्यापासून दोन हातांवर उभी होते, तुमच्या बुटांत. मला वाईट वाटलं होतं. एवढंच. ते खरंच तसं म्हणालात का, हे मला परत परत ऐकायचं होतं. तुम्ही दुसरं काय म्हणणार होतात, तेही मला कळतं.

आत्ता काका आले होते. दारातूनच म्हणाले, "अगं, दोघी आल्यात बघ, तेलंगणातनं. पेपरात बाईंचा फोटो बघून कुनीतरी कळवलं म्हनं. थोरली म्हनती, अक्कानं माझा पिक्चर काढलाय, भाचीला दाखवायला आनली. पार पयल्या एसटीनं निघाल्यात." मी खिडकीतून बघितलं. केस पांढरे झालेत तिचे. चपला हॉलच्या बाहेर काढून पायरीवर बसलीय. शेजारी ती मुलगी, विशीबाविशीची, बाटलीचं झाकण उघडून तिला पाणी देतेय. नाकाचा शेंडा तोच.

आज लोकांना तुमचा आवाज ऐकायला मिळायचा नाही. पेन ड्राइव्हचं काय करायचं ते मला अजून कळत नाही. काकांना म्हटलं, दोघींना चहा द्या, पुढच्या रांगेत बसवा, मला दहा मिनिटं लागतील.