न खेळलेल्या सामन्याचे विजेतेपद काढून घेण्याबाबत

प्रति,
मा. स्पर्धा अधिकारी,
सरोवरकाठ विभाग महिला कर्लिंग मंडळ,
विनिपेग, मॅनिटोबा प्रांत.

अर्जदार : श्रीमती सिग्रून हाल्डोरसन, कर्णधार, ग्रुंडविक महिला संघ.

विषय : सरोवरकाठ महिला अजिंक्यपद स्पर्धेचे आमच्या संघास बिनविरोध दिलेले विजेतेपद रद्द करून झोरिया संघाविरुद्ध अंतिम सामना खेळविण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपले अभिनंदनाचे पत्र. २) माझे यापूर्वीचे दोन अर्ज व त्यांना आलेले आपले दोन नकार. ३) गेल्या शुक्रवारचा आपला फोन.

महोदय,

एकाच विषयावर तिसऱ्यांदा आपल्याला त्रास देत आहे याची मला लाज वाटते, पण इलाज नाही. जिंकल्याची तक्रार घेऊन येणारी अर्जदार आपल्याला पूर्वी भेटली नसेल. तरी पुढील हकीकत शेवटपर्यंत वाचावी, ही विनंती.

१. यंदाच्या स्पर्धेसाठी दोनच संघ उरले होते, आमचा ग्रुंडविक आणि पलीकडच्या गावचा झोरिया. झोरियाचा प्रवेशअर्ज मुदतीत आला नाही. एकच संघ राहिल्यास तोच विजयी, या नियमानुसार आपण आम्हाला विजेते ठरवले व कप कुरियरने पाठवून दिला. पुढच्या वर्षापासून ही स्पर्धा बंद करून दक्षिण विभागात विलीन करण्यात येणार असल्याचेही आपण त्याच पत्रात कळवले आहे. म्हणजे कपावर कोरले जाणारे शेवटचे नाव आमचे असेल. महोदय, आयत्या बिळावर नागोबा होऊन बसायला मी तयार नाही. कप खोक्यातच आहे. खोके मी स्वयंपाकघरात ठेवले आहे व त्यावर बटाट्याची टोपली आहे.

२. आपण या पदावर नवीन आहात, म्हणून स्पर्धेचा थोडा इतिहास सांगणे भाग आहे. बर्फावरून जड दगड सरकवत वर्तुळाच्या मध्याशी नेण्याच्या या खेळाची स्पर्धा इथे १९५६ साली सुरू झाली. ग्रुंडविकची खेळाची शेड पुरुषांनी मासळी भरण्याच्या जुन्या खोक्यांच्या फळ्यांतून बांधली होती आणि संध्याकाळचा बर्फ त्यांचा असे. आम्हाला दुपार मिळे. त्या वेळचे अध्यक्ष म्हणाले होते, "बायकांनी खुशाल खेळावं, पण गाईंचं दूध काढायच्या वेळेला घरी असावं." पहिल्या वर्षीचे बक्षीस म्हणून विजेत्या चौघींना चार इस्त्रीची टेबले दिली गेली. झोरिया जिंकले. त्यांच्यात पहिला दगड टाकणारी मुलगी होती वीस वर्षांची, नुकतीच लग्न होऊन आलेली स्तेफानिया हावरिलुक. बक्षीस घेताना ती सगळ्यांसमोर म्हणाली, "बर्फावरून उतरलं की थेट कामाला लागा, असंच ना?" मी अठरा वर्षांची होते आणि बाकड्यावर बसून हे पाहत होते. त्याच दिवशी ठरवले की हिला हरवायचे.

३. ते आजतागायत जमलेले नाही. मी नऊ वेळा अंतिम सामन्यात तिच्यासमोर उभी राहिले आणि नऊही वेळा हरले. हरण्याचे वेगवेगळे प्रकार झाले. एकदा बर्फ वितळू लागला होता आणि दगड डबक्यातून न्यावे लागले. एकदा माझा शेवटचा दगड घराच्या मधोमध (बर्फावर रंगवलेल्या वर्तुळांना आम्ही घर म्हणतो) जाता जाता थांबला, आणि ती म्हणाली, "अगं सिग्रून, दमला बिचारा. जेवला नव्हता का?" एकदा दगडापुढचा बर्फ घासताना तिचा झाडू तिच्याच दगडाला निसटता लागला. कोणी पाहिले नव्हते. आमच्या खेळात शिट्टी वाजवणारा कोणी नसतो, आपली चूक आपणच सांगायची असते. तिने स्वतः दगड उचलून बाजूला ठेवला. मला वाटले, आता तरी. पुढच्या दगडावर तिने मला हरवले. दातओठ खाऊन घरी गेले आणि नवऱ्याशी आठवडाभर धड बोलले नाही.

४. हिमवादळाच्या वर्षी चार संघ शेडमध्येच अडकले. रस्ता बुजला होता. त्यांच्या बटाट्याचे सारण भरलेल्या पेरोगी होत्या, आमचा आलुबुखाराच्या थरांचा वीनारतेर्ता केक होता, दोन दिवस सगळ्यांनी तेच खाल्ले. माझा धाकटा, ओस्कार, तेव्हा सात महिन्यांचा. तो तापाने फणफणला होता. स्तेफानियाने त्याला माझ्याकडून घेतले, आपल्या कोटात गुंडाळले, मांडीवर थोपटत राहिली, आणि मला म्हणाली, "तू झोप. उद्या सामना आहे. जागरणाने हरलीस असं नको." ताप उतरला. दुसऱ्या दिवशी तिने मला हरवले. अशा बाईचा राग करायचा तरी कसा, हे मला इतक्या वर्षांत कळलेले नाही.

५. मग दोन्ही गावांतल्या शाळा गेल्या, धान्य साठवायचे मनोरे पाडले, रेल्वेचे रूळ उखडले. मुली विनिपेगला गेल्या, कॅलगरीला गेल्या, आणि तिथे त्यांना संध्याकाळचा बर्फ मिळू लागला, ही चांगलीच गोष्ट आहे. पण इकडे एकेक गाव स्पर्धेतून गळत गेले. कोणी रीतसर माघारही घेतली नाही, पुढच्या वर्षी आलेच नाहीत. शेवटी आम्ही दोघीच उरलो आणि पहिली फेरी हाच अंतिम सामना होऊ लागला.

६. गेल्या शरद ऋतूत स्तेफानिया अंगणात पडली आणि खुब्याचे हाड मोडले. झोरियात वृद्धाश्रम नाही, म्हणून तिला आमच्या गावच्या वृद्धाश्रमात ठेवले. तिच्या संघातली एक वारली आहे, एक मुलाकडे गेली आहे, एकीला आता ऐकू येत नाही व तिने काठी धरली आहे. म्हणून अर्ज आला नाही. यात त्यांचा काहीही दोष नाही, हे नोंदवून ठेवावे.

७. आपल्या हरकतींचा क्रमाने खुलासा करते.

संघात चार खेळाडू हवेत, असे आपण लिहिलेत. समोरच्या संघात माणूस कमी असेल तर आपल्यातले माणूस उसने द्यायचे, ही आमच्याकडची जुनी रीत आहे. त्याप्रमाणे मी माझ्या संघातल्या मारिबेल आणि डाग्नी या दोघी झोरियाला देण्यास तयार आहे. आमच्याकडे त्यामुळे दोघीच उरतील, ते आमचे आम्ही पाहू. मारिबेल मूळची फिलिपिन्सची, वृद्धाश्रमातच नोकरीला आहे, तिने जन्मात बर्फ पाहिला नव्हता, पण आता तिचा दगड माझ्यापेक्षा सरळ जातो.

खेळाडूला वाकता आले पाहिजे, असे आपण लिहिलेत. ज्यांना वाकवत नाही त्यांनी लांब दांडीने दगड ढकलावा, ही सोय मंडळानेच केली आहे. तसे चाकाच्या खुर्चीत बसूनही ढकलता येते. चाकांनी बर्फ खराब होईल, ही आपली काळजी रास्त आहे. त्यासाठी मी चाकांना लोकरीची आवरणे विणली आहेत. तिला बाहेर नेण्याच्या कागदावर डॉक्टरांनी सही देण्यास नकार दिला, पण रुग्णवाहिकेचा चालक आमच्या डाग्नीचा भाचा आहे आणि तो म्हणाला, "मला कोणी विचारलं तर मी म्हणेन, दातांच्या डॉक्टरकडे नेत होतो."

शुक्रवारी आपण स्वतः फोन केलात, त्याबद्दल आभारी आहे. आपण म्हणालात, "बाई, त्या आता ग्रुंडविकच्या रहिवासी आहेत. मग तुमच्याच संघात घ्या ना त्यांना. दोघी मिळून कप घ्या, फोटो काढू, सगळे खूष." सूचना चांगल्या मनाने केलीत हे मी जाणते. ती मी स्तेफानियाच्या कानावर घातली. तिचे उत्तर जसेच्या तसे देते : "मेले तरी तुझ्या संघात खेळणार नाही. तुला सवय आहे हरायची, मला नाही."

विजेतेपद फुकट मिळाले तर घ्यावे, कोण विचारणार, असेही आपण म्हणालात. मी विचारणार. एकसष्ट वर्षे मला हा कप हवा होता. ही दुधाची तहान ताकावर भागण्यातली नाही. तिला समोर बसवा, खुर्चीत बसवा, पलंगासकट आणा, पण तिच्याशी खेळून काय व्हायचे ते होऊ द्या. बर्फ मी स्वतः तयार करीन. शेडला वीजबिल परवडत नसेल तर दारे उघडी टाकू, या महिन्यात बर्फ आपोआप धरतो.

८. इथपर्यंतचा मजकूर मी सोमवारी लिहिला. टपाल बुधवारी निघते. मंगळवारी सकाळी मारिबेलचा फोन आला, "मावशी, येताय का? त्यांनी कालपासून काही खाल्लं नाही. तुमचं नाव घेतलं दोनदा." मी गेले. स्तेफानियाने मला लगेच ओळखले. आवाज बसला होता. तिने विचारले, "काय म्हणाला तो विनिपेगवाला?" मी म्हटले, अजून ठरत नाही. ती म्हणाली, "तो काही द्यायचा नाही. आणि मला आता उन्हाळ्यापर्यंत थांबायचं नाहीये गं."

महोदय, आमच्या खेळात सामना शेवटपर्यंत खेळलाच पाहिजे असे नसते. आता आपले काही खरे नाही असे ज्या कर्णधाराला वाटेल तिने हातमोजा काढून समोरच्या कर्णधारापुढे हात करायचा. तो हात हातात घेतला गेला की सामना तिथेच संपतो, दगड कितीही शिल्लक असोत. हे आपल्याला ठाऊक असेलच. मी हातमोजा काढला आणि हात पुढे केला.

खरे सांगायचे तर यंदा मी जिंकले असते. तिला उठून बसवत नव्हते. आयुष्यात पहिल्यांदाच मला तिला हरवता आले असते, आणि हात पुढे करताना हे मला स्पष्ट दिसत होते. मला रडू येत होते, ते मी आवरले नाही.

तिने हाताकडे पाहिले. मग म्हणाली, "आत्ताच? अगं, अजून एकसुद्धा दगड टाकला नाहीस." मी म्हटले, टाकून काय होणार, तूच जिंकणार. तिने थोडा विचार केला. तिला ते पटलेले दिसले. तिने माझा हात हातात घेतला, तिच्याने जेवढा दाबवला तेवढा दाबला, आणि मारिबेलला हाक मारली. जिंकणाऱ्याने हरणाऱ्याला काहीतरी पाजायचे असते, हीही आमच्याकडची रीत. ती म्हणाली, "हिच्यासाठी चहा आण. साखर जास्त घाल, हरलीये ती." मी तिच्या पलंगाशी बसून तो चहा पूर्ण प्यायले. तोवर ती झोपली होती.

स्तेफानिया गुरुवारी दुपारी वारली. शनिवारी झोरियाच्या चर्चमध्ये तिला निरोप दिला. तिचा मुलगा मला पहिल्या रांगेत घेऊन गेला, घरच्या माणसांत. मला जावेसे वाटत नव्हते, पण मी गेले.

अर्जाच्या वरची विषयाची ओळ आता चुकीची झाली आहे. पण सगळे पुन्हा लिहिण्याचे बळ माझ्यात नाही. ती खोडली आहे असे समजावे.

सबब विनंती की, अंतिम सामन्याची परवानगी आता नको. सामना झालेला आहे. ग्रुंडविकच्या कर्णधाराने हात दिला व झोरियाच्या कर्णधाराने तो घेतला, हे मारिबेलने डोळ्यांनी पाहिले असून तिची सही सोबत जोडली आहे. हरणाऱ्या कर्णधाराने हात दिल्यावर सामना संपला असे मानावे, हे वाक्य मंडळाच्या नियमावलीत आहे. तो हात बर्फावरच द्यावा, असे त्यात कुठे लिहिलेले मला सापडले नाही. आपल्याला सापडल्यास कृपया कळवू नये.

कपाचे खोके परत पाठवत आहे. त्यावरच्या शेवटच्या पट्टीवर झोरिया, कर्णधार स्तेफानिया हावरिलुक, असे कोरून कप तिच्या मुलाकडे पाठवावा. निकालाबद्दल आमच्या संघाची काहीही हरकत नाही.

कळावे,

सिग्रून हाल्डोरसन
कर्णधार, ग्रुंडविक महिला संघ
(यंदाचा उपविजेता)

ग्रुंडविक, रविवार, २९ जानेवारी २०१७.

सोबत :
१) कप, खोक्यासह.
२) मारिबेल सांतियागो यांची साक्ष, सहीनिशी.
३) चाकांची लोकरी आवरणे, एक जोडी. मंडळाकडे चाकाच्या खुर्चीतून खेळणारे कोणी असल्यास त्यांना द्यावीत.