काळ्या काचेवरचे चौकोन

२ ऑक्टो., दसरा
सकाळी यंत्रांची पूजा. शिलाई मशीन, मिक्सर, स्कूटर. यांच्या टॅबलाही खालच्या कडेशी ओलं हळदकुंकू लावलं. अर्धांगाच्या झटक्यात यांचा आवाज गेला, तेव्हापासून बोलणं त्यातूनच. चित्राच्या चौकोनावर डावं बोट ठेवलं की टॅब म्हणतो, पाणी. दुखतंय. बस कर. ‘बस कर’ माझ्या वाट्याला जरा जास्तच.

३ ऑक्टो.
दुपारपासून पडदा काळा. चार्जिंगला लावला. तसाच.

४ ऑक्टो.
मालेगावला रिपेअरवाल्याकडे. त्याने टॅब उघडून भिंगातून दाखवलं. “मावशी, चित्र इथून, बोर्डावरून निघते. ह्या पातळ पट्टीतून काचेपरेंत जाते. पट्टीत पानी शिरलं, टोक जळालं.” टोकाशी पिवळं दिसत होतं. “पूजा केली काय?”
मी पदराने कडेचं हळदकुंकू पुसलं.
“दर दसऱ्याले येतेत असे. आवाज अन् टच चालू हाय, त्याची लाइन येगळी. पन काच बदलाव लागते. अकोल्याले इचारून पाहतो.”

५ ऑक्टो.
नितीनने तिकडूनच माझ्या फोनवर तेच चौकोन टाकून दिले. इवलेसे, मांडणीही वेगळी. यांच्या एका बोटाखाली चार मावतात. “आई, मोठा नवीन पाठवतो.” पाठव म्हटलं. पण मागचे चौकोन शिकायला आठ महिने लागले होते, आणि तेव्हा हे बसू शकत होते. श्रावणातल्या दुसऱ्या झटक्यानंतर मानही हलत नाही.

७ ऑक्टो.
अकोल्याहून नाही आलं. मॉडेल बंद झालंय.
पूर्वी मी भाकरी थापताना हे मोठ्याने अग्रलेख वाचायचे. मी ऐकत नसे. नुसतं हं, हं.
कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, सॉरी म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहावं. आज पाहिलं. आणि सॉरीऐवजी यांची चादर सारखी केली.

९ ऑक्टो.
टॅब यांच्या हाताशी ठेवला. कुठे काय, ते यांच्या बोटाला पाठ आहे. मला नाही, मी कायम नुसतं ऐकत आले. काळ्या काचेवर बोट टेकलं. टॅब म्हणाला, खिडकी. उघडली. पुन्हा, खिडकी. लावली. पुन्हा तेच. हात आता घसरतो, शेजारचा चौकोन हवा असणार. शेजारी काय होतं? एकेक विचारत गेले. उशी? औषध? नितीन? मी?
यांनी कंटाळून डोळे मिटले. बोट काचेवरच होतं.