लवकर उत्तराचे पैसे

८ फेब्रुवारी, शनि.
आज डायलिसिस चार तास उशिरा लागलं. आईच्या हातातली नस, जिच्यातून रक्त यंत्रात घेतात, ती बंद पडली. रोज सकाळी मनगटाला कान लावून बघते, आत भुणभुण ऐकू येते. आज आली नाही. मला वाटलं मिक्सर चालू आहे म्हणून. मिक्सर बंद केला तरी नाही.
डॉक्टरांनी मानेत नळी टाकली. आई माझी ओढणी मुठीत धरून पडली होती.
डॉक्टर मला बाहेर नेऊन म्हणाले, दुसऱ्या हाताच्या नसा बारीक आहेत, नळीवर फार काळ काढता येत नाही, इन्फेक्शन होतं. किडनी बसवायची तर आता बसवा. भाऊ तयार आहे ना?
तयार आहे. दिवाळीत नितीन अमेरिकेहून आला होता तेव्हाच सगळ्या तपासण्या झाल्या, जुळलं. तेव्हा हेच डॉक्टर म्हणाले होते घाई नाही. म्हणून तो परत गेला. माझी शुगर, त्यामुळे मी बाद. संजयने स्वतःहून विचारलं होतं, पण जावयाचा रक्तगट वेगळा निघाला.

९ फेब्रु., रवि.
सकाळी नितीनशी बोलले. तो रडला. मग जे सांगितलं ते दोनदा विचारून घेतलं. त्याच्या तिथल्या कामाच्या परवान्याची मुदत संपली आहे. कंपनीने मुदत वाढवायची पेटिशन टाकली आहे, ती साध्या रांगेत आहे. निकाल येईपर्यंत तो तिथे राहून काम करू शकतो. पण देशाबाहेर पाऊल टाकलं तर निकाल हातात आल्याशिवाय परत जायला व्हिसाचा शिक्का मिळत नाही. म्हणजे इथेच अडकणार. नोकरी गेली, घराचे हप्ते, बायको श्वेता आणि छोटी रुही तिकडे.
"किती वेळ लागेल?"
"काही सांगता येत नाही ताई. सहा महिने पण लागतात."
आईला एवढंच सांगितलं की कागदाचं काम चालू आहे.

११ फेब्रु., मंगळ.
डाय. ठीक. शेवटी पायात गोळे आले, मी आणि सिस्टर दोघी चोळत होतो.
नि.चा मेसेज. जादा पैसे भरले की सरकारच तीन आठवड्यांच्या आसपास उत्तर देतं. रीतसर, पावतीसकट. पण अर्ज कंपनीनेच करावा लागतो, आणि कंपनी म्हणते आम्हाला घाई नाही, तुला आहे. तूच भर.
संजय म्हणाला, म्हणजे तिकडे पण आहे हे. मी म्हटलं, तिकडे दर लावून ठेवलाय, एवढाच फरक.
नितीनला म्हटलं, अर्धे मी देते. नको म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, बरं. घराचे हप्ते आहेत त्याचे, मला माहीत आहे. पण ते बरं कानात राहिलं.

१३ फेब्रु., गुरु.
एफडी मोडली. बँकेतल्या बाईने कारण विचारलं, आजारपण म्हटलं. खोटं नाही.
दुकानात उशिरा पोचले. शेठनी घड्याळाकडे बघितलं पण बोलले नाहीत. कॅम्प तीनच्या बाजारात जीन्सचे एवढे गाळे, बिलं करणाऱ्या बायका पण खूप, उद्या दुसरी ठेवली तरी चालेल त्यांना. ठेवत नाहीत. दुपारी स्वतः येऊन विचारून गेले, "माँजी कैसी है?" पैशांचं सांगितलं तर म्हणाले, जल्दीवाली खिडकी हर जगह होती है बेटा, वहाँ कम से कम काम तो होता होगा.
होतंच असणार.

२२ फेब्रु., शनि.
पैसे भरले. नि.ने पावतीचा फोटो पाठवला. इंग्रजीत एक ओळ आहे की आम्ही ठरल्या मुदतीत कार्यवाही करू. कार्यवाही म्हणजे मंजुरी असंच मी धरलं.
यंत्रावर असतानाच आईला दाखवला. ती फोटोकडे न बघता म्हणाली, "कापल्यावर त्याला किती दिवस झोपून राहावं लागंल?"
महिनाभर, म्हटलं.
"आणि पोरीला कडेवर घेता येतं का नंतर?"
येतं गं. सगळं येतं. चिडूनच म्हटलं बहुतेक.

२ मार्च, रवि.
किडनी बसवायची त्या मुंबईच्या हॉस्पिटलमध्ये जाऊन आले, एकटी. कोऑर्डिनेटर मॅडम चांगल्या आहेत. मुलगा आईला देतोय म्हणजे परवानगीच्या कमिटीत अडचण नाही म्हणाल्या. मात्र लग्न झालेला डोनर असेल तर बायकोची संमती घेतो आम्ही, समोर बसवून किंवा व्हिडिओवर.
श्वेता देईल. दिवाळीत आईचे पाय चेपत बसायची ती.

१३ मार्च, गुरु.
उत्तर आलं. हो नाही आणि नाही पण नाही. प्रश्न विचारलेत. नितीन जे काम करतो त्याला त्याची डिग्री खरंच लागते का, पुरावे द्या. आता कंपनीचा वकील उत्तर बनवणार. ते पोचलं की मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजायची.
मी म्हटलं, आपण पैसे कशाचे भरले मग?
"लवकर उत्तर मिळायचे, ताई. कोणतं उत्तर, त्याचे नाही."
शांतपणे म्हणाला. मी फोन ठेवून पीठ मळायला घेतलं, त्यात पाणी जास्त पडलं.
आईसमोर काही बोलले नाही. बटाटे चिरून पाण्यात घातले होते, पोटॅशियम निघायला, तर ती म्हणाली, एवढं धुऊन काय राहतं त्यात, चोथाच.

२२ मार्च, शनि.
काल आईला थंडी वाजून ताप. तीन चादरी घातल्या तरी पलंग हलत होता. नळीत इन्फेक्शन. अंबरनाथलाच ॲडमिट केली. संजय फर्स्ट शिफ्ट करून एमआयडीसीतून थेट इकडे, केमिकलचा वास कपड्यांना, सिस्टरने त्याला दारातच थांबवलं.
नळी बदलली. आता उजवीकडून. डॉक्टर म्हणाले, अशा जागा माणसाच्या अंगावर मोजक्याच असतात.
व्हिडिओवर नितीनला दाखवली. त्याने हात तोंडावर धरला. मागून रुहीचा आवाज, पप्पा ये ना.

२९ मार्च, शनि.
घरी आणली. वजन फार उतरलंय. आंघोळ घालताना पाठीचे मणके हाताला लागतात. हीच बाई काडेपेटीच्या कारखान्यात उभ्याने पाळी करून हेंद्रेपाड्यातल्या घरी पाण्याचे हंडे वर चढवायची. बाबा गेल्यावर नितीनचं इंजिनिअरिंग तिनेच केलं. माझं बी.कॉम.पर्यंत झालं आणि मी नोकरीला लागले. कोणी सांगितलं नव्हतं. तसंच होतं ते.
वकिलाचं उत्तर तिकडे पोचलं म्हणे.

६ एप्रिल, रवि.
नितीनचे फोन कमी झालेत. आला तरी आईशी बोलतो, मग म्हणतो मीटिंग आहे. रविवारी सकाळी, म्हणजे त्याच्या शनिवारी रात्री, कसली मीटिंग. ताण असेल.
परवा आई त्याच्याशी बाल्कनीत बसून बोलत होती. मी चहा घेऊन गेले तर थांबली. म्हटलं काय चाललंय? रुही आता बोलते छान, म्हणाली.

१४ एप्रिल, सोम.
जयंती. आज यंत्राचा वार नाही, बरं झालं. आईला पांढरी साडी नेसवली, मानेवरच्या पट्टीवरून पदर घेतला. विहारात जायचा हट्ट होता पण जिना उतरेना, म्हणून दारातच खुर्ची ठेवली. येणारी जाणारी माणसं पाया पडत होती. सगळ्यांचा एकच प्रश्न, नितीन कधी येतोय? आई हसत होती. खीर फक्त चमचाभर दिली.
मिरवणूक नाक्यावर आली तेव्हा श्वेताचा फोन. ढोलाच्या आवाजात काही ऐकू येईना म्हणून आतल्या खोलीत गेले. शुभेच्छा वगैरे झालं. नितीन कुठे विचारलं तर म्हणाली, झोपलाय ताई, आताच डोळा लागलाय. अप्रूव्हल आल्यापासून त्याची झोपच गेलीय.
कसलं अप्रूव्हल, विचारलं.
तिच्या लक्षात आलं. मग म्हणाली, ताई, तुम्हाला त्याने सांगितलं असेल असं मला...
फोन मीच ठेवला. बाहेर येऊन सगळ्यांना सरबत दिलं.

१५ एप्रिल, मंगळ.
डायलिसिस सेंटरच्या जिन्यात उभी राहून नितीनला फोन केला.
आलाय निकाल. मंजूर. आठवडा होऊन गेला.
"मला का नाही सांगितलंस?"
मग म्हणाला, "मला भीती वाटते ताई. आणि श्वेता नाही म्हणते. तिचे वडील डायलिसिसवरच गेले, तुला माहीत आहे. उद्या मला काही झालं तर एकच किडनी, आणि हा व्हिसा असा, नोकरी गेली की इन्शुरन्स गेला."
म्हटलं, मग तसं सांगायचं. मी इथे दिवस ढकलतेय तुझ्या त्या कागदावर.
तेव्हा म्हणाला, "आईनेच सांगितलं, ताईला बोलू नको म्हणून."
खोटारडा म्हटलं त्याला. आयुष्यात पहिल्यांदा.
वर गेले. आईचे अजून अडीच तास बाकी होते. तिच्याशेजारी बसले, पण तिच्याकडे बघता आलं नाही.

१६ एप्रिल, बुध.
दुकानात गेले नाही. संजय कामावर गेल्यावर आईसमोर बसले आणि विचारलं.
तिने नाकारलं नाही. मार्चमध्येच ती श्वेताशी बोलली होती, मी आंघोळीला गेले असताना. श्वेता रडली. मग आईने नितीनला सांगितलं, नको येऊ. ताईला म्हण कागद आला नाही. ती भांडत बसंल डॉक्टरशी, तुझ्याशी, सगळ्यांशी. कागदाशी भांडू दे.
मी ओरडले. काय काय बोलले ते लिहीत नाही. एफडीचं पण बोलले, ते बोलायला नको होतं.
तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू डॉक्टर ठरवला, हॉस्पिटल ठरवलं, पोराची किडनी पण ठरवली. मला एकदा तरी विचारलं का वैशे?"
मी म्हटलं, तुला जगायचं नाही का?
"जगायचंय की. पण त्याचं काढून घेऊन नाही."
आणि माझं काय, हे विचारायचं तोंडावर आलं होतं. विचारलं नाही.

१९ एप्रिल, शनि.
तीन दिवस आम्ही कामापुरतं बोलतोय. गोळी घेतली का. पाणी मोजून दिलंय. रिक्षा आली.
आज यंत्रावर बीपी एकदम खाली गेलं. डोळे वर. सिस्टरने पाय उचलून धरायला सांगितले, मी धरले. ती शुद्धीवर आली तेव्हा मला बाई अशी हाक मारली. दुसरीच कोणी समजून. पाच मिनिटांनी ओळखलं.
संजयला सांगितलं तर म्हणाला, चूक कोणाचीच नाही गं यात. त्याचं बरोबर असेल. मला कोणाची तरी चूक हवी आहे.

२३ एप्रिल, बुध.
श्वेताचा व्हॉइस मेसेज, लांबलचक. दुपारी दुकानाच्या मागच्या बाजूला, कापडाच्या गठ्ठ्यांवर बसून ऐकला. तिचे वडील शेवटी कसे झाले होते ते सांगते. सांगताना आवाज कापत नाही तिचा, सरळ सांगते. शेवटी म्हणते, मी वाईट नाही ताई. मला एकच नवरा आहे. तुम्हाला एकच आई आहे. यात मी काय करू सांगा.
उत्तर दिलं नाही. राग करायला घेतला, पण तो राहिनाच अंगात.

२४ एप्रिल, गुरु.
नितीनचा मेसेज सकाळी. व्हिसाच्या शिक्क्यासाठी मुंबईतली मुलाखतीची तारीख त्याने घेतली आहे, पुढच्या महिन्यातली. श्वेताला अजून बोलला नाही. आईला पण सांगू नको म्हणतो. खाली लिहिलंय, मी येऊ का? तू म्हणशील तसं.
आता हे पण माझ्यावर.
दिवसभर तीनदा लिहिलं. ये. मग, नको येऊस. मग, तुझं तू ठरव. तिन्ही पुसले.

२६ एप्रिल, शनि.
डाय. आज नीट चालू आहे, इथेच बसून लिहितेय. आई जागी होती. मी नितीनचा मेसेज तिला वाचून दाखवला, जसाच्या तसा. सांगू नको हे पण वाचलं.
आई वरच्या पंख्याकडे बघत होती. विचारलं, "श्वेताला माहीत आहे?"
नाही, म्हटलं.
"मग आधी तिला सांगायला सांग त्याला. चोरून यायचं नाही."
बरं.
तिने डोळे मिटले, वाटलं झोपली. मग हळू म्हणाली, "येऊ दे."
"भेटायला, की?"
तिने माझा हात घेऊन स्वतःच्या पोटावर ठेवला आणि त्यावर पदर ओढून घेतला. थोड्या वेळाने खरंच झोप लागली.
नितीनला लिहिलं, आधी श्वेताशी बोल, मग ये. कशासाठी ये ते लिहिलं नाही. मलाच माहीत नाही.
तिच्या पोटावरून हात काढला तर जाग येईल, म्हणून डाव्या हाताने लिहितेय. अक्षर वाकडं येतंय.