बाबांच्या सायकलचं फ्रीव्हील

३ फेब्रुवारी, सोमवार
आज ठरवलं. बाबांची सायकल दुरुस्त करून रोज ऑफिसला न्यायची. पोट उतरेल. मागच्या चाकाचं फ्रीव्हील, म्हणजे साखळीची दातेरी चकती, झिजलंय; ते चाकाच्या मधल्या हबवरून काढून नवं बसवायचं. अर्ध्या तासाचं काम. कारण फक्त व्यायाम. त्या टिकटिकीशी काही संबंध नाही.

टिकटिकीचं असं आहे. सायकल जिन्याखाली स्टँडवर असते, मागचं चाक अधांतरी. संध्याकाळी वारा सुटला की ते फिरतं आणि फ्रीव्हील वाजतं. बाबा कामावरून सायकल हातात धरून आत यायचे, तेव्हा हाच आवाज यायचा. त्यांना जाऊन वर्ष होत आलं. आई अजूनही तो ऐकून उठते आणि दोन कप चहाचं आधण ठेवते. मला काही वाटत नाही. मी सायन्सचा पदवीधर आहे.

४ फेब्रुवारी, मंगळवार
फ्रीव्हील काढायचा खास पाना आणला. फ्रीव्हीलच्या खाचा झिजल्यात, पाना सटकतो. अंगठा सुजला. ही विचारत होती, फिरवताय ती बाजू बरोबर आहे ना. म्हटलं, त्यामागे शास्त्र आहे. नंतर शास्त्र वाचलं. मी तासभर घट्टच करत होतो. हिला सांगायची गरज नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार
गंजावर तेल सोडलंय. तेल मुरतंय म्हणजे काम चालूच आहे.

ताईचा फोन. आईचं हे लक्षण बरं नाही म्हणाली, रविवारी येऊन तिला आपल्या घरी घेऊन जाणार. मी म्हणालो, रविवारच्या आत आवाज बंद. तोवर चाक दोरीने फ्रेमला बांधून टाकलं. पक्की गाठ.

६ फेब्रुवारी, गुरुवार
संध्याकाळी टिकटिक. आई उठली. मी खाली जाऊन पाहिलं. चाक फिरत होतं. दोरी सीटवर, नीट गुंडाळून ठेवलेली.

गाठ कच्ची बसली असणार. सुटलेली दोरी आपण होऊन गुंडाळली जाते का, यावर विचार करायचा नाही असं ठरवलं.

दिवा चालू ठेवून झोपलो. वाचायचं होतं. पुस्तक सापडलं नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
शास्त्र आणखी वाचलं. पायडल मारलं की फ्रीव्हील हबवर जास्त आवळत जातं. म्हणजे बाबांनी आयुष्यभर मारलेलं एकेक पायडल त्यात आहे. चढावरचं, उशीर झालेलं, मला डबल सीट नेतानाचं. आणि मी एकटा त्याच्या उलट जोर लावतोय.

पाना बसवला.  जोर लावला तर कुणीतरी पलीकडून धरून ठेवल्यासारखं वाटलं. म्हणालो, बाबा, सोडा आता. ही मागेच उभी होती. कुणाशी बोलताय, विचारलं. म्हटलं, पान्याशी.  ही खांद्यावर हात ठेवून आत गेली.

८ फेब्रुवारी, शनिवार
चाक सायकलवाल्याकडे नेलं. तो म्हणाला, जोर लावला तर हब टिकेलच असं नाही. म्हटलं, लावा. पाना टेबलाला ठोकलेल्या शिकंज्यात आवळला आणि वरून आम्ही दोघांनी चाक स्टिअरिंगसारखं फिरवलं. काडकन आवाज झाला. फ्रीव्हील सुटलं. हबची कडही तुटली, तारा लोंबायला लागल्या.

तयार चाक मिळालं, नव्या फ्रीव्हीलसकट. आत ग्रीस भरपूर, आवाज नाही. घरी बसवलं. संध्याकाळी वारा आला, चाक फिरलं, चिडीचूप. दिलेला शब्द पाळला. ताईला लगेच कळवलं.

आई खुर्चीतच बसून होती. चहा केला नाही. दमली असेल.

९ फेब्रुवारी, रविवार
सकाळी आईने आपली बॅग स्वतःच भरली. मी म्हणालो, अगं, आता जायचं कारणच उरलं नाही. ती म्हणाली, वारा असतो हे मला कळत नाही होय रे? दोरी मीच सोडली होती. आवाज आला की उठावंसं वाटायचं. चहा टाकावासा वाटायचा. आता इथे बसले काय आणि तिकडे बसले काय.

दुपारी ताईबरोबर गेली. दारात वळून विचारलं, ते जुनं कुठे ठेवलंस. म्हटलं, आहे, जपून ठेवलंय.

दुकानातच राहिलंय.

१० फेब्रुवारी, सोमवार
ऑफिसला दांडी. दुकान उघडायच्या आधीच जाऊन उभा राहिलो. सायकलवाल्याने भंगाराचा डबा उपडा केला. तसली दोन निघाली. तुमचं कुठलं, म्हणाला. मी म्हणालो, कळेल मला. दोन्ही घरी आणली.

सकाळपासून जिन्याखाली बसून एकेक कानाशी धरून फिरवतोय. दोन्ही सारखीच वाजतात.