टेबलाच्या भोकाखालची बाटली

२ मार्च, सकाळ
परिषदेकडून नवी नियमावली आली. चाळीस पानं. अ‍ॅक्युपंक्चरवाल्यानं काय करायचं आणि काय नाही. क्लिनिकचे फोन आणि पेशंटच्या वेळा बायको सांभाळते, तिनं ती उभ्या उभ्या वाचून काढली. म्हणाली, आपण फक्त सुया टोचायच्या. पावडर, कॅप्सूल काही सुचवायचं नाही, विकायचं नाही. डॉक्टरच्या गोळ्यांबद्दल तर चकार शब्द काढायचा नाही.

बावीस वर्षं सुया टोचतोय. आता मला हे शिकवणार. माझी स्वतःची ‘अष्टस्फूर्ती’ पावडर आहे, लेबलवर माझा हसरा फोटो आहे. झोप, पचन, सांधे, केस, स्मरणशक्ती. स्मरणशक्तीसाठी मी स्वतः रोज दोन चमचे घेतो, सकाळी एक, संध्याकाळी एक.

संकल्प: रविवारपर्यंत नियमावली वाचायची.

९ मार्च
ट्रीटमेंटचं टेबल डुगडुगत होतं. नियमावली त्याच्या पायाखाली अगदी मापात बसली. वाचणार आहेच. पण आधी टेबल.

११ मार्च
किल्ली घरी विसरलो, पहिला पेशंट जिन्यात ताटकळला. डोक्यात मोठे विचार चालू असले की असं व्हायचंच.

मोठा विचार असा: सुचवायचं नाही म्हणतात. दिसू द्यायचं नाही असं कुठं लिहिलंय? (वाचलेलं नाही, पण नसणार.) पेशंट पालथा झोपतो, तोंड टेबलाच्या गोल भोकात. पाठीत सुया, त्यामुळे वीस मिनिटं हलता येत नाही. दिसते ती फक्त फरशी. तर फरशीवर, बरोबर भोकाखाली, बाटली आडवी ठेवायची. लेबल वर.

मी एक शब्द बोलणार नाही.

१२ मार्च
पाठदुखीवाले रिटायर्ड मास्तर आले. दहाव्या मिनिटाला भोकातून आवाज आला, ही पावडर सांध्यांना चांगली का. मी फक्त ‘हं’ म्हटलं. ‘हं’ म्हणजे काही सल्ला नव्हे. जाताना दोन बाटल्या घेऊन गेले.

१६ मार्च
खालचा केमिस्ट वर आला. मास्तर त्याला विचारायला गेले होते, रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर ही चालेल का. केमिस्टनं मला विचारलं, हिच्यात आहे तरी काय. मी म्हटलं, निसर्ग. तो मान हलवत खाली गेला. जळतो, दुसरं काय.

बायकोनं मास्तरांना फोन करून दोन्ही बाटल्या परत मागवल्या. दुपारी जेवताना माझ्यापुढं ताट आपटलं. पित्त वाढलं असणार. अष्टस्फूर्ती द्यायला हवी.

२३ मार्च
परिषदेचं पत्र. २८ तारखेला तपासणी. लायसन्स रिन्यू होणार की नाही ते त्यावर. बायको म्हणाली, अहो, तुमच्या हातात देवानं एकच कला दिलीय, ती तरी सांभाळा. ऐकून मला कसंतरीच झालं. लगेच संकल्प केला: तपासणीपर्यंत क्लिनिकमध्ये पावडरचा कणसुद्धा नको.

२७ मार्च
चौऱ्याऐंशी बाटल्या घरी नेल्या. कपाट, ड्रॉवर, खिडकी, बेसिनखाली, सगळं आठवून आठवून रिकामं केलं. बायकोनं चारदा विचारलं, सगळ्या हलवल्या ना. चौथ्यांदा मी रागावलो. माझ्या स्मरणशक्तीवर शंका?

२८ मार्च, दुपार
फत्ते.

तपासनीसबाई ठीक अकराला आल्या. कपाट उघडून पाहिलं, सुयांची पाकिटं मोजली, बायकोनं ठेवलेली पेशंटची फाइल पाहिली. एक खोट सापडली नाही. मग मान चोळायला लागल्या. मीच आग्रह केला, झोपा, वीस मिनिटांत मोकळी करतो. त्या नको म्हणाल्या. मी सोडतो काय. शेवटी म्हणाल्या, बरं, काम कसं करता तेही बघायचंच आहे.

मानेत आणि खांद्यांत सहा सुया. हात असा चालला म्हणून सांगू. बाई एकदम शांत झाल्या, अगदी शांत. मला वाटतं झोपल्या. एवढ्या लवकर मी कुणालाच झोपवलेलं नाही. बायकोला खुणेनं सांगितलं, बघ. ती माझ्याकडे बघतच नव्हती, टेबलाखाली बघत होती. चेहरा पांढराफटक. उपाशी राहते, ऐकत नाही.

उठल्यावर बाई म्हणाल्या, फोटो चांगला आलाय तुमचा. कुठला फोटो ते कळलं नाही. भिंतीवरचा असेल.

२८ मार्च, संध्याकाळ
भिंतीवर माझा फोटो नाही.

५ एप्रिल
रिपोर्ट आला. सुया टोचण्याचं कौशल्य उत्तम. निर्जंतुकीकरण उत्तम. तपासनिसाची मान आठवडाभर दुखलेली नाही, असंही लिहिलंय. त्याखाली: उपचारादरम्यान वीस मिनिटं हसऱ्या चेहऱ्याची एक बाटली सक्तीनं पाहावी लागली.

लायसन्स तीन महिने बंद. मग नियमावलीवर लेखी परीक्षा. पास झालो तर सुया, नाही तर काहीच नाही.

पावडरबद्दल एक बरा शब्द नाही. वीस मिनिटं लेबल वाचूनसुद्धा.

६ एप्रिल
मास्तर येऊन गेले. क्लिनिक बंद आहे म्हटल्यावर दारातच पाठ धरून उभे राहिले. म्हणाले, पावडरचं राहू दे हो, सुया कधी टोचणार? वाईट वाटलं, खरंच वाटलं.

संकल्प: उद्यापासून अभ्यास. रोज पाच पानं.

७ एप्रिल
नियमावली सापडत नाही. सगळीकडे शोधली. टपालातच गहाळ झाली असावी.

८ एप्रिल
बायकोनं टेबलाच्या पायाखालून काढून दिली. टेबल परत डुगडुगतंय.

पहिलं पान वाचायला बसलो. सकाळचा चमचा घेतला की नाही ते काही केल्या आठवेना. बायकोला विचारलं. म्हणाली, दोनदा.