विशाखाची किडनी

११ जून २०१८, लातूर
रक्तातलं क्रिएटिनिन परत वाढलं; किडन्या थकल्यात. डॉक्टर म्हणाले, "डायलिसिस आता टळत नाही. किडनीसाठी जुळी बहीण आहे ना तुम्हाला? तिच्याइतकी कुणाचीच जुळणार नाही."
आहे ना! विशाखा. नांदेडला. नवरा, पोरं, ठणठणीत तब्येत. आईच्या पोटात एकाच बीजाच्या दोन झालो आम्ही. किडन्या खाणारा हा ल्युपस मात्र मला एकटीला.
फोन केला. "बघते," म्हणाली. बघते!

१४ जून
क्लासात शिकवलं — डीएनए प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. घट्ट असला की जनुक मुकं, सैल झाला की बोलतं. काही जनुकांवर मिथाइलच्या खुणेचं कुलूप. पेशी दुणावताना डीएनएसोबत या खुणांचीही नक्कल उतरते; कधी एखादी सुटते, अन् गप्प बसायचं ते जनुक जागं होतं. माझ्या पांढऱ्या पेशींचं तसंच. कुलपं निघाली अन् त्या माझ्यावरच उलटल्या. (हे अर्थात सांगितलं नाही.)
एका मुलीनं विचारलं, "मॅडम, जुळ्यांच्या खुणा सारख्याच राहतात का?"
"सुरुवातीला," म्हणाले.
तेवढ्यात दारातून क्लासचे मालक शेषेराव सर — "बाई, नीटला येतंय का हे? एमसीक्यू घ्या."
घेतले.

१९ जून
माय म्हणे, "त्र्याण्णवच्या भूकंपाचं भ्या लागलं गं तुला. तुम्ही पोटात व्हता अन् मी मातीखाली."
"दोघी होतो ना माय! मग मलाच कसं लागलं?"
उठून चुलीकडं गेली. मी तरी का बोलले तिला?

२४ जून
विशाखाचा फोन. "मला न्हाई जमायचं, लुंबे. कारण इचारू नको."
नाही विचारलं. वाट्टेल ते बोलले मात्र — "सांभाळ तुझा संसार अन् तुझी किडनी! मी मेले तरी येऊ नको." तिनं सगळं ऐकून घेतलं. फोन मीच आपटला.
सारखा चेहरा मिळाला, तोही नको होता. आरशात तीच दिसते.

२ जुलै
डायलिसिस सुरू. तिचे फोन येतात. उचलत नाही.

९ जुलै
तिचे यजमान, आनंदराज दाजी आले. चहालाही हात लावला नाही.
"तुमचा फोन आला त्याच आठवड्यात ती किडनी द्यायला म्हणून तपासणीला गेली, ताई. तिच्या लघवीतून प्रथिनं जाऊन राहिलीत. डॉक्टर ल्युपसच म्हणले. तुमच्या जिवाला आणखी घोर नको म्हणून बोलली न्हाई."

१० जुलै
नांदेडला निघाले. या आजारात आधी केस गळतात, मग सकाळी बोटं मिटत नाहीत. तिला कुणी सांगितलं नसेल.